पाय कधी उचलला

१२ नोव्हेंबर १९७८, रविवार

आजपासून ही वही. आई म्हणते, बत्तिसाव्या वर्षी डायरी लिहायला घेणारी बाई एक तर प्रेमात पडलेली असते नाही तर तिचं डोकं फिरलेलं असतं. मी तिला सांगितलं, मी बास्केटबॉलची पंच होणार आहे. ती म्हणाली, "मंग दुसरंच."

गुडघा गेला तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, मी कोर्टावर पाऊल ठेवलं नव्हतं. इतवारीतल्या शाळेत मुलींना कवायत शिकवायची, घरी यायचं, गुडघ्याला तेल लावायचं. परवा जिल्हा संघटनेचे सेक्रेटरी रुपरावजी शाळेत आले आणि म्हणाले, मुलींच्या सामन्यांना एखादी बाई पंच हवी. परीक्षा दोन टप्प्यांत. डिसेंबरात लेखी, मग जानेवारीत परीक्षकासमोर एक पूर्ण सामना. मी विचार न करता हो म्हटलं. विचार केला असता तर नाहीच म्हटलं असतं.

शिकवणार चंपतराव सर. तीस वर्षं पंचगिरी करतायत. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच नोकरी सोडली. का, तर "कंटाळा आला". मी खेळायचे तेव्हा त्यांच्या शिटीला आम्ही टरकून असायचो. आज त्यांनी एका मुलीला चेंडू टाकायला लावला. तिने पळत झेलला आणि सुरेख बास्केट केली.

"काय झालं, पुष्पा?"

"मस्त बास्केट झाली, सर."

"पोट्टी तीन पावलं चालली. तू चेंडू पाहून राहिली होती. चेंडू तं सारं गाव पाहते. पंचाले पाय पाहा लागते."

पहिल्याच दिवशी असा पचका झाला.

१५ नोव्हेंबर

चेंडू हातात घेऊन चालायचं नाही, एवढीच तर गोष्ट. पुस्तकात ती दीड पानात आहे आणि त्या दीड पानाने माझं डोकं उठवलंय. उभ्याने चेंडू झेलला तर कुठलाही एक पाय उचला, पण मग दुसरा जमिनीला खिळला. त्यावर हवं तेवढं गरागरा फिरा. चेंडू आपटत निघायचं असेल तर खिळलेला पाय उचलायच्या आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. बास्केट मारायची असेल तर पाय उचलला तरी चालेल, फक्त तो परत टेकायच्या आत चेंडू गेला पाहिजे. पळता पळता झेलला तर दोन पावलं माफ. आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात बघून शिटी फुंकायची, दोन मुठी एकमेकींभोवती गरगर फिरवून दाखवायच्या, वर प्रेक्षकांच्या शिव्या खायच्या.

सरांनी आखणीची चुन्याची फक्की आणली आणि अर्ध्या कोर्टावर पसरली. मुली खेळल्या. मग मला उकिडवं बसवून एकेक ठसा ओळखायला लावला. हा पहिला टेकला, हा नंतर, हा घासत गेला. माझी साडी गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. उद्यापासून सलवार कमीज. शाळेतल्या बायका काय म्हणायचं ते म्हणोत.

सरांच्या बायको, जिजाबाई काकू, रोज त्यांच्यासोबत येतात आणि कडुनिंबाखालच्या बाकावर बसून राहतात. बोलत नाहीत, विणत नाहीत, काही नाही. नजर सारखी आमच्यावर. आता अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कोण पळवून नेणार आहे? घरी जाताना तर सरांचा हात काकूंच्या खांद्यावरच्या पिशवीवर असतो. या वयात हे लाड बघून मला हसू आवरत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज सरांनी नवीनच काढलं. "डोळे मिट," म्हणाले. "पोट्ट्यायले खेळू दे. कोण चालली ते सांग मले."

मला वाटलं थट्टा करतात. पण खरंच ऐकू येतं! चेंडू तळव्यात बसला की एक भरीव आवाज येतो. मग बुटाचा पहिला ठोका, दुसरा. तिसरा ठोका पडला आणि चेंडू अजून हातातच असेल, तर शिटी. सिमेंटवर रबरी तळवा घासला तर तेही कळतं. मी दहापैकी सहा ओळखले. सर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी दहाच्या दहा. किती मोठा पंच आहे हा माणूस! कुठल्याच पुस्तकात ही रीत नाही, हे मी शपथेवर सांगते.

२६ नोव्हेंबर

सरांची एक सवय लिहून ठेवते, मलाही लावून घ्यायची आहे. सामना चालू असताना ते मधूनमधून मला म्हणतात, "फळ्यावर काय लिहून हाये, वाच." मी वाचते. ते मान हलवतात. गुणफलकाची सारखी खात्री करत राहावी, हे शिकवण्याची ही पद्धत. मुलींच्या बनियनवरचे नंबरसुद्धा ते मलाच ओरडून सांगायला लावतात. माझा आवाज खणखणीत झालाय. शाळेत मुख्याध्यापिका दचकतात.

१० डिसेंबर

लेखी परीक्षा पास. शंभरात एक्याऐंशी! सरांना सांगितलं तर म्हणाले, "बाकीचे एकोणीस कोठी ठेवले?" पण काकूंनी पिशवीतून करंजी काढून माझ्या हातावर ठेवली. घरून करून आणली होती, म्हणजे मी पास होणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं त्याची लाज वाटली.

१७ डिसेंबर, रविवार

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जिल्ह्याची मुलींची स्पर्धा सुरू झाली. पहिला सामना कोराडी कॉलनी विरुद्ध पारशिवनी. कोराडीच्या मुली वीजकेंद्राच्या बसमधून आल्या, सगळ्यांच्या पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. पारशिवनीच्या मुली एस.टी.ने आल्या, अनवाणी. त्यांची कॅप्टन कौशल्या, सोळा वर्षांची, काटक. मी विचारलं, बूट नाहीत का? "हायेत जी, शाळेनं देल्ले. पण आमी मातीत खेळतो. बूट घातले का पाय आपला वाटतच नाई."

सर एक पंच, रुपरावजी दुसरे. मी टेबलावर गुण लिहीत होते. सरांनी कोराडीवर चालण्याच्या नऊ शिट्या मारल्या. नवाच्या नऊ बरोबर. आणि पारशिवनीवर? एकही नाही. मी स्वतः मोजलं, पारशिवनीच्या मुली सात वेळा उघड चालल्या. एकदा तर कौशल्या सरांच्या नाकासमोरून चेंडू छातीशी धरून चार पावलं गेली, आणि सर शांत. पारशिवनी सहा गुणांनी जिंकली. कोराडीच्या कोच शोभाताई टेबलावर येऊन म्हणाल्या, "आमच्या पोरींनी बूट घातले हाच त्यांचा गुन्हा का?"

सगळे गेल्यावर मी सरांना गाठलं. "सर, त्या पोरी चालल्या. तुम्ही पाहून सोडून दिलं."

त्यांनी शिटी रुमालाने पुसली. मग म्हणाले, "दया आली वं. उघड्या पायाच्या पोट्ट्या."

"पंचाला दया येते?"

"आली. झाली चूक."

काकू तिथेच होत्या. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण सरांनी त्यांच्या पिशवीला हात लावला आणि दोघं निघून गेले.

२१ डिसेंबर

चार दिवस कोर्टावर गेले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आहे ती उतरत नाही. याच माणसाने एकदा फायनलमध्ये स्वतःच्या व्यायामशाळेविरुद्ध शेवटच्या क्षणी चालण्याची शिटी मारली होती. लोकांनी त्यांची सायकल फोडली, तरी दुसऱ्या दिवशी हे पायी हजर. त्या माणसाला दया आली? आई म्हणते, म्हातारपणी मन हळवं होतं. असेलही. पण मग मला शिकवलं कशाला इतकं कडक?

२४ डिसेंबर, रविवार

रागातच गेले. मनात म्हटलं, अनवाणी पायांची दया येते ना, बघूच. खेळायला मुली कमी होत्या, तेव्हा सर म्हणाले, तूच झेल आणि थांबून दाखव. मी बूट खांबामागे काढून ठेवले. सिमेंट उन्हाने कोमट होतं. कुणीतरी चेंडू टाकला, मी पळत झेलला, आणि मुद्दाम, अगदी सरांच्या समोरून, चेंडू पोटाशी धरून पाच पावलं चालले. मग थांबले.

"बरोबर," सर म्हणाले. "छान थांबली. गुडघ्याले त्रास नाही झाला ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती. कौतुक होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि नजर माझ्या कानाच्या जराशी बाजूने जात होती. मी जागची हलले नाही. मला एकेक गोष्ट आठवत गेली. फळा, नंबर, पिशवी, गार्डची नोकरी, जिथे दर काही वर्षांनी डोळे तपासतात. मी काय मूर्ख बाई आहे!

मी गप्प राहिले तेच चुकलं. किंवा बरं झालं. सरांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पुष्पा, बूट काढले होते तू?"

"हो, सर."

"किती पावलं चालली?"

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "पाच."

ते जिथे उभे होते तिथेच, कोर्टाच्या मधोमध, मांडी घालून बसले. मीही बसले. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार, म्हणाले. चष्म्याने, ऑपरेशनने, कशानेच नाही. "मधोमध धूर राहते. माणूस समजते, हात समजते. पाय सिमेंटात मिसळून जाते." तीन वर्षं ते कानावर चालवत होते, आणि बूट घातलेल्यांच्या बाबतीत एकदाही चुकले नव्हते.

"मग दया आली असं काहून सांगितलं? मी तुम्हाला लबाड समजले, सर!"

"लबाड म्हनलं तं शिटी काही दिवस ठेवतीन. आंधळा म्हनलं तं त्याच दिवशी घेतीन."

मी रडले. मला रडायला येतं ते आवडत नाही, पण रडले. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच.

२६ डिसेंबर

काकूंकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मले वाटे का तुले पयल्याच दिवशी समजलं. म्हनून तू जोरजोरानं नंबर सांगून राहिली."

मी कबूल केलं की मला वाटायचं त्या माझ्यावर पहारा ठेवतात. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मग एकदम थांबल्या. "फायनल त्यायच्या नावावर हाये. तेवढी होऊ दे, बाई. मंग मी त्यायले घरी बसवतो. हात जोडतो तुले." दुसरी पंच म्हणून सरांनी माझं नाव दिलंय. तीच माझी परीक्षा.

मी रुपरावजींना सांगायला हवं. हे मला कळतं. पण काकूंचे जोडलेले हात दिसत राहतात.

६ जानेवारी १९७९, शनिवार

फायनल उद्या. पुन्हा कोराडी आणि पारशिवनी. मी कुणाला सांगितलेलं नाही. बरोबर केलं असं मनापासून वाटत नाही.

सरांशी मात्र बोलले. मी म्हटलं, अनवाणी पोरींचे पाय माझे. त्या तुमच्या बाजूला असल्या तरी. तुम्ही त्यांच्यावर चालण्याची शिटी मारायची नाही. त्यांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली. "नाही मारत. वचन." ज्यांच्या शिटीला मी टरकायचे त्यांना मी अटी घालून आले. घरी येऊन जेवण गेलं नाही.

७ जानेवारी, रविवार

पारशिवनी हरली. एका गुणाने. ती ज्या चुकीने हरली त्यात माझा अर्धा वाटा आहे, हे आधी लिहून टाकते. परीक्षकांनी मला पास केलं की नापास ते पत्राने कळेल. आज तरी मला त्याची फिकीर नाही.

सामना चांगला चालला होता. मी इतकी पळाले की गुडघा बोरासारखा लाल झालाय. पारशिवनीवर चालण्याच्या पाच शिट्या मारल्या, पाचही माझ्या. लोक मला ओरडले. सरांनी कोराडीवर चार मारल्या. सगळं बरोबर.

वीस सेकंद राहिले तेव्हा कोराडी एकेचाळीस, पारशिवनी चाळीस. कौशल्याने बास्केटखाली चेंडू झेलला. डावा पाय खिळला, उजव्याने वळली. मी तिच्या त्या काळ्याभोर टाचेकडेच बघत होते. ती जागची हलली नाही. पण तिला अडवणारी कोराडीची मुलगी बूट आपटत मागे सरकली, ठप ठप ठप. आणि शिटी वाजली. सरांची. त्याच क्षणी कौशल्याच्या हातून चेंडू सुटला आणि जाळीतून खाली आला.

सरांच्या मुठी एकमेकींभोवती फिरत होत्या. तीस वर्षांची सवय, वचन बिचारं कुठे पुरणार? पारशिवनीची माणसं उठून उभी राहिली. कौशल्या रडत नव्हती, नुसती आपल्या पायांकडे बघत होती.

एका पंचाने दुसऱ्याचा निर्णय फिरवायचा नाही, असा नियमच आहे. मी पाठ केला होता. परीक्षक वहीत काही लिहीत होते. मी जागेवरून हलले नाही. सरच वळले. ज्या बाजूला मी असेन असं त्यांना वाटलं तिकडे तोंड करून, सगळं मैदान ऐकत असताना त्यांनी विचारलं, "पुष्पा, पाय कोणाचे होते?"

मी म्हटलं, "कोराडीचे, सर. कौशल्याचा पाय हलला नाही."

सर टेबलाकडे गेले, नाही, टेबलाच्या जरा डावीकडे गेले, आणि रुपरावजींनी उठून त्यांचा हात धरला तेव्हा म्हणाले, "माही शिटी चुकली. मले दिसत नाही, रुपरावजी. तीन वर्षं झाले." मग त्यांनी कौशल्याला हाक मारली. ती आली. "लेकी, तू चालली नाही. तुही बास्केट खरी होती. पण शिटी आधी वाजली, तं ती आता देता येत नाही. मले माफ कर."

कौशल्या म्हणाली, "तुमी साऱ्यायसमोर सांगतलं ना जी, मी चालली नाई म्हनून. बस." सोळा वर्षांच्या पोरीला हे कुठून सुचतं कोण जाणे. काकू बाकावरून उठल्या होत्या, त्यांचं तोंड मला बघवलं नाही.

चुकीच्या शिटीनंतर वर्तुळात दोघींमध्ये उडता चेंडू टाकायचा. रुपरावजी म्हणाले, मी टाकतो. सर म्हणाले, "एवढं मले करू द्या. याले डोळे नाही लागत." त्यांनी चेंडू टाकला. तो सरळ वर गेला, तसूभर इकडे नाही की तिकडे. कौशल्या आणि कोराडीची मुलगी दोघी उडाल्या, हातांची गर्दी झाली आणि चेंडू रेषेबाहेर गेला. शिटी मी मारली.

शेवटचं बोट कुणाचं लागलं ते माझ्याशिवाय कुणालाच दिसलं नव्हतं. कोराडीच्या मुलीही माझ्याकडे बघत होत्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोट कौशल्याचं लागलं होतं, म्हणजे चेंडू कोराडीचा. एक क्षण मला वाटलं, द्यावा पारशिवनीला. आपणच तर त्यांची बास्केट खाल्ली. कोण विचारणार आहे? चेंडू माझ्या हातात होता आणि हात पारशिवनीकडेच वळत होता.

सर वर्तुळात एकटे उभे होते, मान अजून वर, चेंडू जिथे गेला असेल तिकडे.

"पुष्पा," त्यांनी विचारलं, "कोणाचा?"

"कोराडीचा, सर."

"तू पाह्यलं?"

"पाहिलं."

"मंग दे त्यायले."

मी चेंडू कोराडीच्या मुलीच्या हातात दिला.